जोतें आणि ओल

इतिहासकाराचें लक्ष घरांकडे गेलेंच तर तें प्रथम दर्शनी भागाकडे जातें. नक्षीचे खांब, महिरपी, देवड्या, नगारखाने यांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. घराच्या बुडाकडे मात्र कोणी पाहात नाहीं. तथापि ज्या मुलखांत वर्षांतील चार महिने पाऊस कोसळतो व उरलेल्या आठांतही हवा अगदीं कोरडी अशी क्वचितच होते, तेथें घराचा खरा इतिहास त्याच्या जोत्यापाशींच वाचावा लागतो. घर मूळचें कसें बांधिलें होतें एवढेंच नव्हे, तर पुढें त्यांत कोणते फेरफार झाले, त्यांतले कोणते त्याला मानवले आणि कोणते त्याच्या मुळावर आले, याचा उलगडा तेथेंच होतो. प्रस्तुत लेखांत कोंकण, गोमंतक व मुंबई या ओल्या किनाऱ्यावरील घरांच्या संबंधानें हा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय गवंड्याचा आहे, पंडिताचा नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, गवंड्यानें आपलें ज्ञान लिहून ठेविलें नाहीं आणि पंडितानें तें विचारलें नाहीं, म्हणूनच आज हजारों घरें सद्धेतूनें केलेल्या दुरुस्तीनें ढासळत आहेत.

पाया आणि जोतें हे शब्द बोलतांना आपण एकाच अर्थानें वापरतों. पण त्यांत भेद आहे. जमिनीच्या पोटांत जातो तो पाया. जमिनीवर उचलून येतें तें जोतें. पायाचें काम भार पेलण्याचें, जोत्याचें काम घर आणि जमीन यांमध्यें अंतर राखण्याचें. देशावरच्या कोरड्या गांवीं हें अंतर थोडें असलें तरी निभावतें. परंतु रत्नागिरीकडे वर्षाकांठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्या काळांत पडतो. तेथें जोतें ही शोभेची बाब राहात नाहीं. ती घराच्या आयुष्याची मर्यादा ठरते. म्हणूनच कोंकणांत जोत्यावरून घरवाल्याची ऐपत ओळखीत. खोताच्या घराला चिरेबंदी जोतें व चढावयास पायऱ्या. कुळाच्या घराला मातीचें, वीत-दीड वीत उंचीचें. खोतीची पद्धति १९४९ च्या कायद्यानें गेली. पण उंच जोतें कोणाचें आणि बुटकें कोणाचें हा भेद घरांच्या प्रकृतींत पुढेंही दिसत राहिला. वडिलार्जित चिऱ्याचें जोतें ज्यास लाभलें त्याचें घर निष्काळजीपणा बरेच दिवस सोसूं शकलें. मातीच्या जोत्यावरच्या घराला एका पावसाळ्याची हयगयही सोसेना.

या चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, गुणधर्म प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें १८०० व १८०१ या सालीं म्हैसूर, कानडा व मलबार या प्रांतांतून प्रवास केला, आणि १८०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत या दगडास शास्त्रीय नांव दिलें. मलबारांत अंगडिपुरम् येथें त्यानें असें पाहिलें कीं, जमिनींत असतां हा दगड लोखंडी हत्यारानें सहज कापला जातो आणि बाहेर हवेंत राहिला म्हणजे विटेसारखा कठीण होतो. लॅटिन भाषेंत विटेला जो शब्द आहे त्यावरूनच त्यानें ‘लॅटेराइट’ हें नांव बनविलें. आमच्या पाथरवटांना हें नांव ठाऊक नव्हतें. परंतु दगड खाणींतून काढल्यावर कांहीं काळ उघड्यावर ठेवून मग बांधकामास घ्यावा, हें त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. हा दगड सच्छिद्र आहे. त्यांत पाणी शिरतें, तसेंच तें बाहेरही पडतें. त्याचा दोष म्हणा वा गुण म्हणा, तो हाच. आणि कोंकणच्या घराची सर्व रचना या एका गोष्टीभोंवतीं झालेली आहे.

दिव्याची वात ज्याप्रमाणें तेल वर ओढते त्याप्रमाणें सच्छिद्र भिंत जमिनींतील पाणी वर ओढते. तें किती उंच चढेल हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: खालून किती येतें आणि बाजूंनीं किती सुकतें. जेवढें येतें तेवढें सुकलें म्हणजे ओल एका पातळीवर थांबते. सुकण्याची वाट बंद केली तर तीच ओल वर चढत जाऊन दुसरी वाट शोधते. पाण्याबरोबर जमिनींतील क्षारही चढतात. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि त्यांचे स्फटिक बनतांना चिऱ्याचा वा विटेचा पृष्ठभाग भुगा होऊन गळूं लागतो. यालाच आपल्याकडे लोणा लागणें म्हणतात. जुन्या घरांत हा लोणा बहुधा जोत्याच्या बाहेरील अंगास लागे, भिंतीस क्वचित्. आणि जोत्याचा एखादा कुजका चिरा काढून नवा बसविणें हें काम फारसें अवघड नसे.

जुन्या कोंकणी घराचें जोतें पाणी अडविण्यासाठीं बांधलेलें नव्हतें, हें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. बाहेरून घडीव चिरे, त्यांच्या सांध्यांत माती किंवा चुना, आंत चोपून भरलेली माती व मुरूम, वर शेणानें सारवलेली जमीन. यांत पाण्याला कोठेंही पक्का अडसर नाहीं. तें यावें आणि जावें अशीच ही योजना आहे. त्याचें येणें शक्य तितकें कमी व्हावें म्हणून छपराच्या पाख्या खालपर्यंत उतरविलेल्या, पागोळ्या जोत्यापासून दूर पडतील अशी बेतानें राखलेली पडवी, आणि झडीच्या दिवसांत पडवीला बांधलेलीं झांपें. त्याचें जाणें सुकर व्हावें म्हणून मातीची जमीन, चुन्याचा गिलावा आणि भिंतीच्या माथ्याशीं कौलांखालून खेळणारा वारा. खांब जमिनींत पुरलेले नसत. ते तळखड्यावर उभे असत, म्हणजे लाकडाचें बूड ओलीपासून व वाळवीपासून वेगळें राही.

या रचनेंत फेरफार करण्यास जागाही भरपूर होती. कुटुंब वाढलें कीं पडवी भिंतीनें बंद करून खोली करावी, मागील दारीं आणखी एक खण ओढावा, अशा रीतीनें घर वाढत जाई. वाढीव भागाचें जोतें निराळें बांधून जुन्यास नुसतें टेकवीत. दोन्ही जोतीं आपापल्या परीनें खचलीं तरी सांध्यांत चीर पडे, घर फाटत नसे. छपराचा मोठा फेरफारही या घरांनीं पचविला. मंगळूर येथें बाझेल मिशननें १८६५ मध्यें कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील चपटीं, एकमेकांत अडकणारीं कौलें हळूहळू साऱ्या किनाऱ्यावर पसरलीं. गवताच्या व नळ्यांच्या छपरांची जागा त्यांनीं घेतली. घराचें रूप पालटलें, पण प्रकृति बिघडली नाहीं. याचें कारण असें कीं, हा फेरफार घराच्या डोक्याला झाला. पायांना त्याचा स्पर्श झाला नाहीं, आणि वाऱ्याची व ओलीची ये-जा पूर्वीसारखीच राहिली.

यानंतर आलेला फेरफार मात्र पायांपासून सुरू झाला. लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ मध्यें पोर्टलंड सिमेंटाचा एकाधिकार घेतला. हिंदुस्थानांत तें करण्याचा पहिला प्रयत्न १९०४ मध्यें मद्रास येथें झाला, १९१४ मध्यें पोरबंदरच्या कारखान्यांतून माल निघूं लागला, आणि १९३६ मध्यें अनेक कंपन्यांचें एकीकरण होऊन हा धंदा मोठ्या प्रमाणावर स्थिर झाला. सिमेंटाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. धरणें, पूल, बंदरें यांस त्याच्या तोडीचें दुसरें द्रव्य नाहीं. परंतु प्रत्येक द्रव्याला आपला स्वभाव असतो. चुना मऊ असतो, थोडें हललेलें सोसतो, आणि श्वास घेऊं देतो. सिमेंट कठीण असतें, हललें कीं तडकतें, आणि ओलीची वाट बंद करतें. काँक्रीटच्या खोल पायावर, ओल अडविणारा थर घालून बांधलेल्या नव्या घरांत हे गुणच ठरतात. मातींत व चुन्यांत बांधलेल्या जुन्या जोत्यावर तेच दोष होतात. द्रव्य तेंच, बुड निराळें म्हणून फळ निराळें.

जुन्या घरांत सामान्यतः तीन दुरुस्त्या होतात. पहिली सिमेंटाच्या गिलाव्याची. जोत्याच्या चिऱ्यांना लोणा लागलेला दिसतो, तो झांकण्यासाठीं वर सिमेंट थापलें जातें. एक-दोन वर्षें जोतें नवें कोरें दिसतें. पण आंतली ओल बाहेर पडूं न शकल्यानें वर सरकते आणि जी भिंत शंभर वर्षें कोरडी होती तिच्यावर पोपडे धरूं लागतात. मग घरवाला भिंतीलाही सिमेंट लावतो. अशा रीतीनें ओल हात-हातभर वर चढत जाते, आणि अखेर तुळयांच्या टोंकांशीं पोंचून तेथें लाकूड कुजविते. दुसरी दुरुस्ती जमिनीची. सारवणाची जमीन काढून कोबा करतात, वर चकचकीत फरशी बसवितात. पूर्वी माजघराच्या साऱ्या जमिनींतून थोडी थोडी ओल उडून जात असे. तिच्यावर झांकण बसल्यावर ती कडेला वळते व भिंतींत शिरते. फरशी कोरडी आणि भिंत ओली, हा चमत्कार ज्यांना उलगडत नाहीं त्यांनीं या एका गोष्टीचा विचार करावा. तिसरी दुरुस्ती न्हाणीची. पूर्वी न्हाणी परसांत असे, तिचें पाणी माडाच्या आळ्यांत जाई. ती घरांत घेतली कीं मातीनें भरलेल्या जोत्याच्या पोटांत वर्षाचे बाराही महिने पाणी झिरपण्याची सोय होते. भरावाची माती धुपते, जमीन खचते, आणि खोट मात्र जुन्या बांधणीच्या पदरीं घातली जाते.

यांहून गंभीर प्रकार म्हणजे मजला चढविण्याचा वा स्लॅब टाकण्याचा. त्यासाठीं जुन्या भिंतींलगत खड्डे खणून काँक्रीटचे खांब उभे करतात. जुना पाया बहुधा उथळ असतो. त्याच्या शेजारींच त्याहून खोल खणल्यानें त्याच्या खालची माती सुटते. नवे खांब कठीण थरावर टेकून स्थिर राहतात, जुन्या भिंती दर पावसाळ्यांत थोड्या फुगतात व उन्हाळ्यांत थोड्या बसतात. एकाच घराला दोन स्वभावांचे पाय झाले म्हणजे तें मध्यें फाटावयाचेंच. शिवाय स्लॅब आला कीं रुंद पाख्या जातात, आणि आजवर छपराच्या सांवलींत राहिलेलें जोतें उघड्यावर येऊन पावसाचा मारा सरळ खाऊं लागतें.

याच तत्त्वाचा उलट बाजूचा दाखला जुन्या गोव्यांत आहे. बॉम जेझुसच्या देवालयाचें काम १५९४ मध्यें सुरू होऊन १६०५ मध्यें त्याचा संस्कार झाला. इमारत मुख्यतः जांभ्याची, आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानींतच, तो गिलावा काढून आंतील दगड उघडा करण्यांत आला. उघडा लाल दगड प्राचीन दिसतो, म्हणून लोकांना तें रूप आवडलें व आज तेंच मूळचें असें पुष्कळांना वाटतें. परंतु जांभ्याचें चुन्याचें अंगरखें काढल्यावर पाऊस थेट त्याच्या छिद्रांत शिरूं लागला, आणि दगड झिजत असल्याची चिंता पुढें वारंवार व्यक्त झाली. समोरच्या से कॅथीड्रलवर पांढरा गिलावा आजही आहे. दोन्ही इमारती एकाच आवारांत १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहेत. अतएव गिलावा असावा कीं नसावा हा वाद व्यर्थ आहे. पाणी आंत येऊं न देणारा पण आंतलें बाहेर जाऊं देणारा गिलावा असावा, हें जुन्यांचें उत्तर होतें. एकानें सिमेंट लावून आणि दुसऱ्यानें सर्वच काढून तें मोडलें.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी, कारण तेथें जमीनच पुष्कळशी मनुष्यानें केलेली आहे. सात बेटांमधील खाड्या बुजवून हें शहर झालें. वरळीच्या खिंडारावरील हॉर्नबीचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाल्यावर या कामास मोठी गति आली. भरावाच्या जमिनींत पाण्याची पातळी उंच आणि पाण्यांत मीठ. तेथें काळ्या दगडाचीं जोतीं व त्यांवर लाकडी सांगाड्याच्या, मध्यें विटा भरलेल्या तीन-चार मजली इमारती उठल्या. काळा दगड घट्ट असल्यानें ओल दगडांतून फारशी चढत नाहीं, ती सांध्यांच्या चुन्यांतून चढते. १८९६ मध्यें प्लेगची सांथ आली तेव्हां ओल्या, अंधाऱ्या तळमजल्यांकडे सरकारचें लक्ष गेलें, आणि १८९८ मध्यें शहर सुधारण्यासाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें भाडेनियंत्रणामुळें मालकांनीं डागडुजी सोडली, आणि १९६९ मध्यें जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. त्या इमारतींची संख्या आरंभीं १९,६४२ धरली होती. एकट्या शहराच्या दक्षिण भागांत दुरुस्तीचा प्रश्न केवढा होता याची यावरून कल्पना येईल.

मुंबईच्या जोत्यांवर दुसरें एक संकट हळूहळू आलें. रस्ता दर वेळीं जुन्यावरच नवा थर टाकून दुरुस्त करण्याची चाल पडल्यानें त्याची पातळी चढत गेली, आणि ज्या घरांना पूर्वी तीन पायऱ्या होत्या त्यांना एक उरली, कित्येकांना एकही नाहीं. घर खचलें नाहीं. जमीन वर आली. २००५ च्या जुलैच्या २६ तारखेस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढें उंच जोत्यांचाही पाड लागला नसता हें खरें. परंतु दरवर्षींच्या साधारण पावसांतही जेथें पाणी घरांत शिरतें, तेथें हरवलेल्या त्या दोन पायऱ्यांचा विचार कोणी करावयास हवा.

त्याच वर्षीं २९ ऑगस्टला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅट्रिना नांवाचें वादळ आदळलें व न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारें चार-पंचमांश भाग पाण्याखालीं गेला. तेथील हवाही आपल्या किनाऱ्यासारखीच दमट. त्या शहराचीं जुनीं घरें विटांच्या आंखूड खांबांवर उचललेलीं, खालून वारा वाहणारीं अशीं होतीं. १९१३ नंतर बाल्डविन वुडच्या मोठ्या पंपांनीं सखल दलदल कोरडी करतां येऊं लागली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सखल भागांत जमिनीलगत काँक्रीटचा थर ओतून त्यावर घरें बांधण्याची रीत पडली. पुरानंतर दुरुस्तीची वेळ आली तेव्हां भेद उघड झाला. खांबांवरच्या घराखालीं शिरून तुळया पाहतां येत होत्या, कुजलेली बदलतां येत होती, सबंध घर यंत्रानें उचलून आणखी उंच खांबांवर ठेवणेंही शक्य होतें. काँक्रीटच्या थरावरचें घर उचलणें फार खर्चाचें व जोखमीचें. आपल्या जोत्यांचा इतिहास आणि त्यांच्या खांबांचा इतिहास एकच गोष्ट सांगतो: ओल्या मुलखांत घर जमिनीपासून जितकें अलग, तितकी पुढच्या पिढीला त्यांत हात घालण्याची मुभा अधिक.

येथवर जुन्याची जी बाजू मांडली तिच्यावर एक आक्षेप न्याय्य आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. सारवणाची जमीन आपोआप श्वास घेत नव्हती. ती दर चार-आठ दिवसांनीं सारवणारे हात होते, आणि ते घरांतील स्त्रियांचे होते. पावसाळ्यानंतर जमीन पुन्हां चोपणें, जोत्याच्या कडा लिंपणें, झांपें विणणें, शेण-माती वाहून आणणें, हें सारें त्यांच्या पाठीवर उभें होतें. ज्या बाईनें जन्मभर सारवण केलें तिनें फरशी मागितली तर तिला परंपरेचें महत्त्व सांगणें हा निर्दयपणा आहे. रात्रीं पावसांत परसांत जावें लागतें म्हणून न्हाणी व शौचकूप घरांत मागणाऱ्या वृद्धेचेंही तेंच. शिवाय चुन्याला वेळ लागतो. तो भिजवावा, मळावा, थरावर थर देऊन सुकूं द्यावा. मुंबईचा चाकरमानी मे महिन्याच्या रजेंत गांवीं येई आणि मृगापूर्वी काम उरकून परत जाई. एका महिन्यांत वाळून घट्ट होणारें द्रव्य त्याला हवें होतें. सिमेंट जिंकलें तें केवळ जाहिरातीनें नव्हे. रजेच्या दिवसांनीं तें जिंकविलें. त्याबरोबर चुन्याच्या घाण्या बंद पडल्या, आणि चुना जाणणारे गवंडीही विरळ झाले.

म्हणून प्रश्न जुनें कीं नवें असा नाहीं. फरशी हवी, न्हाणी हवी, उजेड हवा. त्या जोत्याला पचतील अशा रीतीनें त्या आणावयाच्या, एवढाच प्रश्न आहे. त्याला उत्तरेंही आहेत. आधीं घराबाहेरचें पाणी दूर करावें. जोत्याभोंवतीं साठलेली माती काढून उतार बाहेरच्या बाजूस द्यावा, कारण पुष्कळ घरांची निम्मी ओल एवढ्यानेंच जाते. न्हाणी जुन्या जोत्याच्या बाहेर, स्वतःच्या जोत्यावर बांधावी आणि आंतून दार ठेवावें. फरशी घालावयाची तर सच्छिद्र दगडाची वा भाजलेल्या मातीची, चुन्याच्या थरावर. लोणा लागलेले चिरे बदलावे, झांकूं नयेत. सिमेंटाचा गिलावा असेल तर निदान जोत्यापुरता तरी काढून चुन्याचा द्यावा. मजला हवाच असेल तर स्वतंत्र पायावर, जुन्या भिंतींपासून पुरेसें अंतर राखून, जाणत्या स्थापत्यशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानें. यांतील एकही उपाय थाटाचा नाहीं. आणि पुढच्या पिढीला पुन्हां दुरुस्ती करतां येणार नाहीं असाही यांतील एकही नाहीं.

कोंकणांतील गांवीं फिरतांना ओसाड घरठाणें पुष्कळ दिसतात. छप्पर गेलेलें, भिंती विरलेल्या, वासे कोणीं नेलेले; जोतें मात्र रानांत उभें असतें, आणि त्याच्या पायऱ्या मोजून येथें घर केवढें होतें हें सांगतां येतें. ज्या बांधणीनें एवढें टिकावें असें काम केलें तिच्यावर दुरुस्तीचा पहिला घाव घालण्यापूर्वी तिचा स्वभाव विचारून घेणें, एवढें तिचें ऋण आपण मानावयास हरकत नसावी.